अकराचा पडताळा

मी गणितात कच्ची नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. शाळेत सहामाहीला पैकीच्या पैकी हुकले ते एकाच कारणाने. उदाहरण बरोबर सोडवायचं, आणि पान उलटताना भलताच आकडा उतरवून ठेवायचा. बाबा पेपर बघून म्हणायचे, "प्रभा, तुला येतं सगळं. पण तुझा पाय एका जागी ठरत नाही." आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, एका मंत्रालयात अवर सचिव आहे, आणि पाय अजून ठरत नाही. फोन आला की घरभर फिरते. चहा उभ्याने पिते. ऑफिसात माझ्या खुर्चीला काही काम नसतं, असं लोक माझ्यामागे म्हणतात आणि ते खरं आहे.

बाबा अगदी उलट. बाबांचं नाव गुणवंत, वय अठ्ठ्याहत्तर. अमरावतीहून तेविसाव्या वर्षी दिल्लीला आले आणि सरकारच्या आकडेवारी खात्यात 'कॉम्प्यूटर' म्हणून लागले. त्या काळी आकडेमोड करणाऱ्या माणसालाच कॉम्प्यूटर म्हणायचे, तसं पदच होतं. नंतर पदोन्नती मिळत गेली, पण निवृत्त होईपर्यंत ते स्वतःला कॉम्प्यूटरच म्हणत. आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, बाल्कनीच्या दारापाशी त्यांचं टेबल आहे. त्यावर भिंतीला एक कागद चिकटवलेला, आणि कागदावर हे:

१११११११११११११११११

सतरा एक्के. आई गेली, तेरा दिवस झाले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी बाबा मुनिरक्याच्या बाजारात जाऊन चौकटींचं मोठं रजिस्टर घेऊन आले. तेव्हापासून सहा वर्षं रोज सकाळी ते हा आकडा फोडायला बसतात. फोडायचा म्हणजे, याला कशाने भाग जातो का, ते बघायचं. दोन एक्के म्हणजे अकरा, ते फुटत नाहीत. तीन एक्के फुटतात, तीन गुणिले सदतीस. पाच एक्के म्हणजे एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात फुटतात, अकरा फुटतात, तेरा फुटतात, हे सगळं त्यांनी आई असतानाच करून ठेवलं होतं. सतरावर गाडी अडली होती.

"सगळ्या आकड्यांनी भागून बघता?" मी एकदा विचारलं होतं, पोळी लाटता लाटता.

"छे. जन्म जाईल." मग त्यांनी समजावून सांगितलं. सतरा एक्क्यांना एखाद्या मूळ संख्येने भाग गेलाच, तर ती संख्या चौतीसच्या कुठल्यातरी पटीपेक्षा बरोबर एकाने मोठी असते. म्हणजे एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस अशा. मधल्या सगळ्या सोडून द्यायच्या. तरीही हजारो उरतात. रोज पाच भागाकार, फार तर सहा. मोठे, ओळीमागून ओळ उतरणारे. शेवटी बाकी शून्य आली तर आकडा फुटला. सहा वर्षांत एकदाही आली नव्हती.

घरात एकच नियम होता, हा आकडा फोनवर बघायचा नाही. मीही पाळला. खरं सांगायचं तर मला उत्सुकताच नव्हती. मला वाटायचं, आईच्या जागी काहीतरी आलंय, येऊ दे.

दुसरी एक गोष्ट सांगते, ती नंतर लागेल. बाबांच्या ऑफिसात एक पद्धत होती. प्रत्येक पान दोन माणसांच्या हाताखालून जायचं. एक जण आकडेमोड करणार, दुसरा तपासणार, आणि खाली दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या. पुढे कधी चूक सापडली तर मेमो जायचा तपासणाऱ्याला. "करणारा चुकणारच," बाबा म्हणत. "तपासणारा कशाला ठेवलाय?" रजिस्टरातही तेच चालू होतं. फक्त दोन्ही सह्या त्यांच्याच. डावीकडे एक 'गु', उजवीकडे एक 'गु'. मला हसू यायचं.

जानेवारीत बाबांचा हात भाजला. घाईघाईत कुकरचं झाकण उघडलं आणि वाफ उजव्या हातावर आली. चार दिवस बोटांना पट्टी. त्या चार सकाळी भागाकार मी केले. भाजक ते सांगायचे, मी मांडायचे, गॅसवर डबा चालू, एक कान कुकरच्या शिट्टीकडे, नऊची मेट्रो गाठायची. बाबा नंतर सावकाश तपासायचे आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही करायचे. मला त्या भागाकारांतला एकही आकडा लक्षात नाही. सगळे वीस लाखांच्या घरातले, एकासारखे एक.

माझा भाऊ जयदीप नोएडाला असतो. त्याच्या डोक्यात तो कुकर बसला. "ताई, हे साधं नाही. बाबा विसरायला लागलेत." फेब्रुवारीत बाबा मुनिरक्याहून येताना उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले आणि दोन तासांनी घरी आले, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. मी दोन्ही वेळा त्याला उडवून लावलं. मीसुद्धा महिन्यातून एकदा चुकीच्या मेट्रोत बसते.

पण एप्रिलमध्ये माझी बदली निघाली. गुवाहाटी, दोन वर्षं, जूनच्या मध्यापर्यंत रुजू व्हायचं. क्वार्टर ठेवता येणार होतं, प्रश्न त्याचा नव्हताच. प्रश्न बाबांचा होता. जयदीपच्या घरी दोन खोल्या, त्याची दोन मुलं आणि सासूबाई. त्याने ग्रेटर नोएडातलं ज्येष्ठांसाठीचं एक निवास शोधून काढलं. खोली, जेवण, डॉक्टर, सगळं तिथेच. एका रविवारी तो माहितीपत्रक घेऊन आला आणि टेबलावर, रजिस्टरवरच ठेवलं.

बाबांनी ते पत्रक उचलून बाजूला ठेवलं. "मी इथे राहू शकतो. राधा दोन्ही वेळा येते." राधा म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाला येते ती. "मला काहीही झालेलं नाही."

"बाबा, एकदा मेमरीची टेस्ट तर करून घेऊ," जयदीप म्हणाला. "बिल्कुल साधी असते. तारीख विचारतात, शंभरातून सात सात वजा करायला सांगतात."

शंभरातून सात! बाबांनी रजिस्टरवर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "ही माझी टेस्ट. सहा वर्षांची आहे. यात एक चूक दाखव. एक. ज्या दिवशी दाखवशील, त्या दिवशी म्हणशील तिथे येतो."

जयदीपने माझ्याकडे बघितलं, मी छताच्या पंख्याकडे. विषय तिथेच संपला, पण तो शब्द घरात राहिला. मला झोपताना, उठताना तेच. बाबांना इथे एकटं ठेवलं आणि काही झालं तर? आणि तिकडे ठेवलं आणि आतून खचले तर? मी दिवसातून दहा वेळा निर्णय घ्यायचे आणि दहा वेळा मोडायचे. ऑफिसात एका फायलीवर एकच शेरा दोनदा लिहिला. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारता मारता मी तो नियम मोडला. फोनवर सतरा एक्के टाइप केले. मोजून टाकले, दोनदा. उत्तर लगेच आलं. सतरा एक्के फुटतात. दोनच तुकडे होतात. लहान तुकडा २०७१७२३.

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, बाबांना मिळणार! आता पोहोचलेच असतील जवळ. संध्याकाळी घरात शिरले ती चप्पल न काढता टेबलापाशी गेले. बाबा खाली फिरायला गेले होते. रजिस्टर उघडं होतं. त्या दिवशीचा भाजक बघितला. बावीस लाखांच्या पुढे.

म्हणजे ते तिथून कधीच पुढे गेले होते. तो आकडा त्यांच्या हाताखालून गेला, त्यांनी त्याने भागलं, बाकी शून्य यायला हवी होती, आणि आली नाही. त्यांना कळलंही नाही. सहा वर्षं ज्या माणसाने या एका शून्याची वाट बघितली, त्याच्या समोरून ते गेलं. जयदीप बरोबर होता आणि मी मूर्ख होते. मला रडू आलं ते असं, की नळ सोडून भांडी घासायचं नाटक करावं लागलं.

मागची पानं उलटून बघावीत, असं तेव्हा मनात आलं होतं. पण धीर झाला नाही. बाबांच्या हातची चूक मला बघायची नव्हती. जुनं रजिस्टर खाली ट्रंकेत होतं, ते तिथेच राहिलं.

तीन दिवस मी गप्प बसले. म्हणजे गप्प कसली, राधावर ओरडले, जयदीपचा फोन कट केला, बदलीच्या कागदांत स्वतःची जन्मतारीख चुकवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबा बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते. मी दारात उभी राहिले आणि सांगून टाकलं.

"बाबा, तुमच्या रजिस्टरात एक चूक आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कुठे?"

"वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"कुणी सांगितलं?"

"फोनवर बघितलं. तो आकडा फुटतो, बाबा. याच संख्येने."

मला वाटलं, चिडतील. नियम मोडला म्हणून बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. ते तांब्या तिथेच सोडून आत गेले. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डाळ पुन्हा धुतली.

सकाळी मी चहा दिला तेव्हा ते टेबलापाशी नव्हते, पलंगावर बसले होते. "चूक आहे," ते म्हणाले. "जयदीपला सांग, मी येतो."

"बाबा, तसं नाही..."

"मी शब्द दिला होता." त्यांनी कप हातात घेतला. "साखर कमी आहे."

एवढंच. त्यानंतर ते रजिस्टरला बसलेच नाहीत. भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतः काढला. सकाळी पेपर वाचायचे, संध्याकाळी फिरायला जायचे, जेवताना राधाच्या भाजीला बरं म्हणायचे. जयदीप म्हणाला, "बघ, आता तेही सुटलं. ताई, यार, आपण वेळेवर निर्णय घेतला." मी हो म्हटलं. मला त्याचं म्हणणं खरंच पटलं होतं, आणि तरी त्या तीन आठवड्यांत मी एक दिवसही नीट जेवले नाही. काहीतरी डाचत होतं. काय, ते कळत नव्हतं.

जूनच्या पहिल्या रविवारी त्यांना न्यायचं ठरलं. जयदीप अकराला गाडी घेऊन येणार होता. बाबांनी दोनच बॅगा भरल्या. कपडे, आईचा फोटो, औषधं. मी विचारलं, "रजिस्टरं?"

"रद्दीत दे."

"सातही?"

"काम झालं त्यांचं," ते म्हणाले आणि दाढी करायला गेले.

मला राग आला. त्यांचा, जयदीपचा, बदलीचा, सगळ्यांचाच. ट्रंकेतून रजिस्टरं काढून एकेक खोक्यात आपटत होते. सहाव्याच्या मधून एक कागद डोकावत होता. भिंतीवरून काढलेला, सतरा एक्क्यांचा. खूण म्हणून ठेवलेला. मी तिथे उघडलं.

पानाच्या डोक्याला भाजक होता, २०७१७२३. तीन आठवडे जो डोक्यात घण घालत होता तोच. खाली भागाकार सुरू. पहिला पाचाचा भाग, मग तिनाचा, मग सहाचा, आणि पान संपलं. शेवटी बाकी, ६६७५८३. मी पान उलटलं. पुढच्या पानावर वरती तीच बाकी पुन्हा उतरवून घेतलेली होती, पुढे न्यायला. ६६७८५३.

पाच-आठ. आठ-पाच.

उलटापालट. पुढचा सगळा भागाकार त्या चुकीच्या आकड्यावर नीट, सुबक, बिनचूक केलेला. शेवटी बाकी पाच लाख चव्वेचाळीस हजार काहीतरी. शून्य नाही.

आणि अक्षर माझं होतं.

माझा तो तिरका सात. माझा पोट फुगलेला पाच. मी आधी ओळखलंच नाही, म्हणजे ओळखलं पण डोकं मान्य करेना. वरती तारीख होती, जानेवारीतली, कुकरच्या आठवड्यातली. खाली डावीकडे 'प्र'. मीच केलेली सही. उजवीकडे डाव्या हाताने काढलेला वाकडा 'गु'.

चुकीच्या आकड्यावर शिसपेन्सिलीने एकच आडवी रेघ होती. खोडरबर नाही. वरती बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. मी सांगितलं त्याच संध्याकाळची. खाली उरलेल्या जागेत बाबांनी भागाकार पुन्हा केला होता. शेवटची ओळ, १४५०२०६१ वजा १४५०२०६१. खाली शून्य. शून्याभोवती ना चौकट, ना गोल. सतरा एक्के तीन आठवड्यांपूर्वी या घरात फुटले होते आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी रजिस्टर घेऊन बाथरूमच्या दारात गेले. बाबांच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"बाबा, हे अक्षर माझं आहे."

"हो," ते आरशात बघत म्हणाले.

"चूक माझी आहे."

"सही माझी आहे."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "तीन आठवडे मी तुम्हाला... मला वाटलं तुमचं डोकं चालेनासं झालं. जयदीपला सांगितलं. फॉर्म भरले. तुम्ही बसून पेपर वाचत होता!"

"काय सांगायचं होतं?" त्यांनी वस्तरा धुतला. त्यांना खरंच प्रश्न पडला होता, नाटक नव्हतं. "तू म्हणालीस चूक आहे. मी बघितलं, चूक होती. पान तपासून मी सही केली होती. आमच्याकडे मेमो तपासणाऱ्याला जायचा, प्रभा. करणाऱ्याला नाही."

"हे ऑफिस नाही."

"रजिस्टर तर तेच आहे."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. खाली हॉर्न वाजला. जयदीप नेहमी अर्धा तास उशिरा येतो, आज नेमका वेळेवर. मी तशीच, अनवाणी, रजिस्टर काखेत मारून तीन जिने उतरले. त्याने डिकी उघडली होती.

"बॅगा?"

"बाबा येत नाहीयेत."

"ताई, पुन्हा?" त्याने कपाळाला हात लावला. "चूक सापडली होती ना? तूच सांगितलंस."

"सापडली. माझी निघाली." मी पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने बघितलं, त्याला काही कळलं नाही. मी बोट ठेवून दाखवलं, पाच-आठ, आठ-पाच, 'प्र'. तो माझं अक्षर ओळखतो. लहानपणी त्याचा गृहपाठ मीच करून द्यायचे.

"अच्छा," तो हळूच म्हणाला. मग, "पण कुकर? बस?"

"कुकर मीही तसाच उघडते. कुणी मला ग्रेटर नोएडाला नेत नाही." खरं म्हणजे मला पुढचं काही माहीत नव्हतं. राधाला दिवसभर राहायला सांगायचं, जयदीपने शनिवारी यायचं, मी रोज दोनदा फोन करायचा. पुरेल की नाही, कुणास ठाऊक. पण ज्या कारणाने मी त्यांना पाठवत होते ते कारण माझ्याच हातचं होतं, आणि त्यावर मी त्यांना पाठवणार नव्हते. जयदीपने डिकी बंद केली. त्याला तिकडे फोन करायचा होता, तो गाडीतच बसला.

जिने चढताना मी ते रजिस्टर चाळत होते, जात्याच मला नुसतं चढता येत नाही. आणि तेव्हा ते दिसलं. प्रत्येक भागाकाराच्या खाली, समासात, बाबांच्या बारीक खुणा होत्या. एक ९ आणि त्यापुढे बरोबरची खूण. एक ११ आणि त्यापुढे बरोबरची खूण. हे पडताळे त्यांनी मला शाळेतच शिकवले होते. नवाच्या पडताळ्यात सगळे अंक नुसते मिळवायचे, आणि दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. सोपा, पटकन होतो. पण दोन अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, म्हणून ती चूक त्याला दिसत नाही. अकराच्या पडताळ्यात एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, आळीपाळीने. तो किचकट, पण अंक इकडचा तिकडे झाला की तो पकडतो. माझ्या शाळेतल्या चुका बाबा त्यानेच पकडायचे.

सगळ्या रजिस्टरभर, पानामागून पान, दोन्ही खुणा होत्या. माझ्या चार दिवसांच्या पानांवर फक्त ९ होता.

मी वर आले. बाबा खोक्यापाशी उभे होते, दाढी पूर्ण झाली होती, अंगात बाहेर जायचा सदरा. बॅग दाराशी.

"जयदीप एकटाच जातोय," मी म्हटलं. "तुम्ही इथेच राहणार. त्यावर नंतर भांडू. आधी मला एक सांगा." मी रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. "बाकी प्रत्येक पानावर अकराचा पडताळा आहे. या चार दिवसांत नाही. अकराचा केला असता तर जानेवारीतच सापडलं असतं, तुमचं तुम्हाला. सहा वर्षांचं काम होतं. हाताला लागलं होतं म्हणून सोडलात का?"

"नाही. तो तर तोंडीच करतो."

"मग?"

त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून ते पान बघितलं. माझ्या तिरक्या सातांवरून त्यांचं बोट फिरलं.

"नवाचा नियम म्हणून करतो," ते म्हणाले. "अकराचा मी माझ्या आकड्यांना लावतो, कारण माझा मला भरवसा नाही. हे तुझं अक्षर होतं."

मी तिथेच, खोक्याशेजारी, फरशीवर बसले.